दुधीचं व्होल्टेज

रविवारी सकाळी नवीन पनवेलच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. जमलेली मंडळी अडाणी नव्हती बरं का! इंजिनिअर होते, बँकवाले होते, न्हावा शेव्याच्या बंदरात गलेलठ्ठ पगारावर जाणारे साहेब होते. कुणी अंगारा पुढे केला असता तर यांनी नाकं मुरडली असती. पण ऊर्जानाथ महाराजांच्या हातात अंगारा नव्हता, डिजिटल मल्टिमीटर होता. पडद्यावर आकडा उमटला की आमची शिकलेली माणसं आपोआप हात जोडतात.

"ये क्वांटम सायन्स है!" महाराज गरजत होते. "रोग म्हणजे काय? शरीरातलं बिघडलेलं व्होल्टेज! डॉक्टर रक्त काढतो, मी रोगच काढतो!"

रेशमी कापड घातलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बारा वर्षांची भाविका मांडी घालून बसली होती. तिला लहानपणापासून मधुमेह. रोज इन्सुलिन घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. मीटरची लाल वायर तिच्या बोटाला, काळी वायर समोरच्या पाण्याने भरलेल्या तांब्याच्या परातीला. परात पुन्हा 'भूमातेशी नातं' म्हणून नळाच्या पाइपला तारेने बांधलेली. आकडा चाळीसच्या वर होता. महाराजांनी मंत्र पुटपुटत पोरीला पाय परातीत ठेवायला लावले आणि आकडा धाडकन शून्यावर आला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत कादंबरी पुढे आली. भाविकाची आई, शाळेत विज्ञान शिकवणारी. निवडणुकीच्या ड्यूटीवरून परतली तर फ्रिजमधलं इन्सुलिन गायब. शेजारच्या आशालताकाकूंनी हॉलकडे बोट दाखवलं. लेकीचे ओठ सुकले होते, तिला धाप लागली होती आणि श्वासाला नासत आलेल्या फळासारखा वास येत होता. त्या वासाचा अर्थ कादंबरीला ठाऊक होता. इन्सुलिनवाचून लेकीच्या रक्तात आम्ल साठू लागलं होतं.

"विश्वजीत, गाडी काढ. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल!"

"अगं, झिरो आला! बघितलंस ना?" नवरा हर्षाने म्हणाला. "कालपासून इन्सुलिन बंद आहे, तरी झिरो!"

"तिचा श्वास बघ रे! निदान ग्लुकोमीटरवर साखर तरी तपास."

"सुई टोचली की ऊर्जेचं फील्ड तुटेल," महाराज म्हणाले. इन्सुलिन आणि ग्लुकोमीटर, दोन्ही त्यांच्या पायाशी टोपलीत 'अर्पण' झालेली. विश्वजीत तिच्या आणि टोपलीच्या मधे उभा राहिला. माणूस दुष्ट नव्हता. जासईच्या कंटेनर यार्डात मॅनेजर. पण पोटच्या पोरीला रोज सुया टोचून आतून पार खचलेला. बुडत्याला काडीचा आधार.

"तुमचा मीटर बिघडलाय," कादंबरी ओरडली.

"तपासा की, मॅडम!"

तिने भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला, मीटरचं बटण एसीवरून डीसीवर, म्हणजे सेलच्या मापावर, फिरवलं आणि वायरी लावल्या. दीड व्होल्ट. अगदी बरोबर!

"मॅडम नापास!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल खदखदून हसला. कादंबरीला रडू फुटलं. तिकडे भाविकाची मान एका बाजूला कलत होती. आता आणखी ओरडलं तर हे लोक आपल्यालाच हाताला धरून बाहेर काढतील, हे तिला दिसत होतं. पण मीटर ठीक असेल, तर तो चाळीसचा आकडा आला कुठून?

इन्सुलिनऐवजी रस प्या म्हणून महाराज दुधी वाटत होते, त्याचा ढीग बाजूलाच होता. तिने भाविकाला खुर्चीवरून उचलून विश्वजीतच्या हातांत दिलं, मीटरचं बटण पुन्हा एसीवर फिरवलं, एक दुधी खुर्चीवर ठेवला आणि लाल वायरचं टोक त्यात खुपसलं. आकडा पुन्हा वर!

"महाराज, दुधीलाही डायबेटिस झालाय का हो?"

हशा पिकला, पण या वेळी महाराज हसले नाहीत. तिने दुधी परातीत टाकला. शून्य.

"बघा, बरा झाला! दोन्ही वायरी एकाच पाण्याला लागल्यावर फरक उरणार कुठून? आणि मीटर फरकच मोजतो."

तिने खुर्चीवरचं रेशमी कापड ओढलं. खाली पंख्याच्या एक्स्टेन्शनची वायर वेटोळं करून चिकटवलेली होती. "या वायरीत करंट आहे. जवळ माणूस बसवा नाहीतर दुधी, स्पर्श नसला तरी थोडं व्होल्टेज त्यात उतरतंच." तिने प्लग उपटला आणि दुधी पुन्हा खुर्चीवर ठेवला. आकडा पार खाली घसरलेला.

महाराज दाराकडे सरकू लागले. विश्वजीतने तिकडे बघितलंही नाही. त्याने लेकीला मांडीवर घेतलं, टोपलीतला ग्लुकोमीटर उचलला आणि तिच्या बोटाला सुई टोचली. यंत्राने आकडा दिलाच नाही, नुसतं 'हाय' दाखवलं. साखर त्याच्या मोजण्यापलीकडे गेली होती. तो पोरीला घेऊन गाडीकडे धावत सुटला.

"संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर हाती काही लागलं नसतं," आयसीयूतले डॉक्टर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर विश्वजीत डोकं धरून बसला होता. "मीटर तर बरोबर होता ना गं?"

"होता. तो वायरीबद्दल खरं सांगत होता. आपल्या लेकीबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं."

मंडळी, यंत्राचा आकडा खरा असला तरी तो कशाचा आहे, हे विचारायलाच हवं. रक्तातली साखर रक्तातच मोजतात आणि इन्सुलिन कुणा महाराजाच्या शब्दावर बंद करत नाहीत. दुसऱ्या दिवशी भाविकाने डोळे उघडले, कारण तिची आई वेळेवर पोचली होती. प्रत्येक पोरीची आई वेळेवर पोचेलच असं नाही. म्हणून शंका विचारायचं काम त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाचं होतं, आणि त्यांच्यातल्या एकानेही ते केलं नव्हतं.