निळ्या रेषेच्या आत

माझे गुडघे गेले त्याला चार वर्षं झाली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि बाल्कनीतून दिसते ती मुठा. घर घेतलं तेव्हा बिल्डरने 'रिव्हर व्ह्यू' म्हणून मिरवलं होतं. आता दिवसभर मी तो व्ह्यूच बघत बसते. खाली उतरता येत नाही, मग दुसरं काय बघणार?

मागच्या वर्षी आमच्या लेकीने, उत्कर्षाने, बाहेरच्या भिंतीला लागून लिफ्ट बसवायचं काढलं. ती हिंजवडीला आयटीत आहे. सोसायटीतले सगळे तयार झाले. चक्क सगळे! पुण्यात असं घडलं म्हणजे खरं तर मी पेढेच वाटायला हवे होते. नकाशे झाले, परवानगीसाठी अर्ज गेला. खाली गेल्यावर आधी मंडईत जायचं की देवळात, यावर मी स्वतःशीच वाद घालत होते.

त्याच सुमारास शेजारच्या प्लॉटवर बारा मजल्यांचं काम निघालं आणि राडारोड्याचे ट्रक थेट नदीपात्रात रिकामे व्हायला लागले. आमच्या ह्यांचं, म्हणजे रंगरावांचं, डोकं फिरलं. निवृत्त झाल्यापासून तक्रार अर्ज हाच ह्यांचा व्यायाम. सकाळचा चहा झाला की लिहायला बसायचं, तीन प्रती काढायच्या आणि पोच घ्यायला स्वतः जायचं.

"अहो, आधी लिफ्टची परवानगी तर येऊ द्या," मी म्हटलं.

"दोन्हींचा काय संबंध? नदीची पूररेषा आखा, म्हणजे त्याचं बांधकाम थांबेल, एवढंच म्हणतोय मी. नियम म्हणजे नियम."

सातव्या अर्जानंतर पाटबंधारे खात्याची माणसं आली. तीन दिवस मोजणी चालली. त्यांना आलं घातलेला चहा गेला तो माझ्याच हातचा.

जमीन जिथे उंच, तिथे पूररेषा वळसा घालते. शेजारच्या बिल्डरने त्याच राडारोड्याचा भराव टाकून जमीन पुरुषभर उंच करून ठेवली होती. त्यामुळे नकाशावरची ही निळी रेषा त्याची इमारत सोडून आली आणि आमची अख्खी पोटात घेऊन पुढे गेली. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम चालत नाही. लिफ्ट हेही नवं बांधकामच.

नकाराचं पत्र उत्कर्षाने वाचून दाखवलं. सरकारी पत्रात वर संदर्भ देतात. पहिला संदर्भ सोसायटीचा अर्ज. दुसरा, श्री. रंगराव यांचा पूररेषेबाबतचा तक्रार अर्ज.

"सिरियसली, बाबा?" ती म्हणाली.

हे चष्मा पुसत राहिले. मला इतका संताप आला, की त्या दिवशी मी ह्यांना जेवायला वाढलं नाही.

मग घर विकायला काढलं. येणारा पहिलं विचारतो, "रेषेच्या आत की बाहेर?" एखादा विचारायचं विसरला, तर हे आठवण करून देतात. अजून घर विकलं गेलेलं नाही.

यंदा जुलैत धरणातून पाणी सोडलं आणि ते पार्किंगमध्ये कमरेपर्यंत आलं. अग्निशमन दलाच्या चौघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं, होडीत ठेवलं आणि शाळेत पोचवलं. तिथे बायका रडत होत्या. मी वॉकर धरून मैदानात गेले, चपला काढल्या आणि ओल्या मातीत अनवाणी उभी राहिले. किती दिवसांनी! कोणीतरी भजी आणली, ती उभ्यानेच खाल्ली. दोन दिवसांनी पाणी ओसरलं आणि त्याच खुर्चीतून मला परत वर चढवलं.

आज दुपारपासून नदीकाठी पुन्हा गाडी फिरतेय. पाणी सोडणार, तयार राहा, म्हणून भोंग्यावर सांगताहेत. हे घाईघाईने कागदपत्रं पिशवीत भरताहेत. मी केस विंचरले, ठेवणीतली साडी नेसले आणि दाराशी खुर्चीत जाऊन बसले.

हे पिशवी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले.

"अगं, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," मी म्हटलं. "पाणी आपल्यापर्यंत आलंच नाही तर?"