सहीच्या वरची कोरी जागा

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही, पण पुढे जे झालं ते या अक्षरामुळेच झालं, म्हणून आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षं झेडपीच्या शाळांत मास्तरकी केली. बेलापूरच्या आसपासच्या पाच-सहा गावांतल्या निम्म्या लोकांनी माझ्या हाताखाली अक्षर गिरवलंय. लग्नपत्रिकेचा मजकूर असो की तहसीलचा अर्ज, लोक म्हणायचे, गोरक्षनाथ गुरुजींकडून लिहून आणा. त्यामुळे थोरल्या भावानं, काकासाहेबानं, आमच्या वडिलांच्या नावानं ट्रस्ट काढून शाळा सुरू केली तेव्हा सचिव कोण, याची चर्चासुद्धा झाली नाही.

ट्रस्टच्या सभांची एक जाड वही असते. तिला आमच्याकडे प्रोसिडिंग म्हणतात. सभेत काय ठरलं ते तिच्यात लिहायचं आणि खाली सगळ्या विश्वस्तांच्या सह्या घ्यायच्या, असा नियम. आमच्याकडे कामाची पद्धत निराळी होती. दिवाळीच्या आधी मी वही पिशवीत घालून स्कूटरवर सगळ्यांच्या घरी जायचो आणि पाच-सहा कोऱ्या पानांच्या तळाशी सह्या घेऊन यायचो. आम्ही सात जण होतो. कुणी मांडीवर वही ठेवून सही करायचा, कुणी दुधाच्या कॅनवर. आमच्यातल्या अजिनाथनं तर एकदा धार काढता काढता म्हशीच्या पाठीवर वही टेकवून सही केली होती. पुढे वर्षभर लागेल तसा मी वरचा मजकूर भरायचो. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द माझ्याइतक्या सुबक अक्षरात तालुक्यात कुणी लिहिले नसतील. यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही. माझ्यावर विश्वास आहे म्हणून लोक कोऱ्या पानावर सही करतात, याचा उलट गर्वच होता.

त्या सातांत अश्विनी होती. काकासाहेबाची सून, म्हणजे माझ्या पुतण्याची, रविराजची बायको. पण त्याआधी ती माझी विद्यार्थिनी. पहिलीत होती तेव्हा ‘श’ उलटा काढायची. तिचे वडील छगन वाघचौरे साधे बागायतदार. स्थळ मीच जमवलं होतं. शाळेला जागा नव्हती तेव्हा छगनरावांनी रस्त्याकडेचा अर्धा एकर ट्रस्टला बक्षीस लिहून दिला. अट एकच घातली, पोरगी शाळेची मुख्याध्यापिका आणि ट्रस्टची कायमची विश्वस्त राहील. तो ठरावही मीच लिहिला. अश्विनीनं अकरा वर्षांत पत्र्याच्या दोन खोल्यांची दहावीपर्यंतची शाळा केली.

मग रविराजनं श्रीरामपुरात दुसरं घर केलं. गावाला कळायच्या आधी अश्विनीला कळलं. दोन वर्षं तिनं वाट पाहिली आणि या फेब्रुवारीत, वडील जाऊन महिना होतो न होतो तोच, माहेरी निघून गेली. सोडचिठ्ठी दोघांच्या संमतीनं घ्यायची ठरली. मग प्रश्न आला वाटणीचा.

काकासाहेब एका दुपारी माझ्याकडे आला. खाटेवर बसला, पाणी प्याला.

“घर माझ्या नावावर, रान माझ्या नावावर,” तो म्हणाला. “तिथं तिला काय बोलता यायचं न्हाई. शाळेचं तेवढं अडतंय. सून गेल्यावर शाळेत कशाला ठिवायची? तिचा राजीनामा वहीत घे.”

“तिनं दिलाय?”

“सही तर हाय की.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “आन करनचं कसं चाललंय?”

करण माझा मुलगा. त्याच शाळेत शिकवतो, अजून कायम झालेला नाही. काकासाहेब एवढंच बोलला. धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. मला तेवढं पुरलं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते. माणूस जरा तरी दाबला जावा, दोन दिवस झोप उडावी. माझं तसंही झालं नाही. तो गेल्यावर मी चहा घेतला आणि वही काढली.

एक कोरं पान निवडलं. तळाशी सात सह्या, पाचवी अश्विनीची. वर मजकूर लिहिला : ‘विश्वस्त व मुख्याध्यापिका सौ. अश्विनी यांनी वैयक्तिक कारणास्तव दोन्ही पदांचा स्वखुशीने राजीनामा दिला. त्यावर चर्चा होऊन राजीनामा सर्वानुमते मंजूर.’ तारीख मागची हवी होती, ती घर सोडून जायच्या आधीची. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जानेवारीचं पान उलटून पाहिलं. तेवीस तारखेभोवती माझ्याच हातचं निळं वर्तुळ होतं. सभेबिभेच्या तारखेला मी असंच गोल करतो. म्हटलं, बरं झालं, तेवीसच घालू. ‘दि. २३ जानेवारी, सकाळी ठीक ९ वाजता, शाळेच्या कार्यालयात, सर्व विश्वस्त उपस्थित.’

एप्रिलच्या एका रविवारी बैठक बसली. जागा शाळेतलीच, चौथीचा वर्ग. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. अश्विनीकडून तिची आई मुक्ताबाई आणि मामा हनुमंत आले होते. बाहेर टेम्पो उभा होता. लग्नात दिलेली भांडी, कपाट, शिलाई मशीन आधीच त्यात चढलं होतं. त्यात काही वाद झाला नाही, कारण हंड्यापासून तांब्यापर्यंत प्रत्येक भांड्यावर तिचं नाव कोरलेलं होतं.

“बाकी मला काय नको,” अश्विनी म्हणाली. “घर नको, रान नको. शाळेत मात्र मी राहणार. ती जागा माझ्या वडिलांची आहे.”

“जागा ट्रस्टची हाय,” रविराज म्हणाला. “ट्रस्ट काय माझ्या खिशात न्हाई, काढून द्यायला. आन तू तर राजीनामा दिलाय.”

“मी? कधी?”

काकासाहेबानं मला खूण केली. मी उठलो, वही उघडून तिच्यासमोरच्या बाकावर ठेवली. तिनं वाचलं. मला वाटलं, आरडाओरडा करेल. तिनं खालच्या सहीवर बोट ठेवलं.

“सही माझीच आहे,” ती म्हणाली. मग बोट वर नेलं. “अक्षर गुरुजींचं.”

तिचं बोट तारखेपाशी थांबलं आणि तिथंच राहिलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

“गुरुजी, तेवीस जानेवारीला सकाळी नऊ वाजता तुम्ही कुठे होता?”

त्या क्षणी मला ते निळं वर्तुळ आठवलं. ते सभेचं नव्हतं. तेवीस जानेवारीला छगनरावांचा दहावा होता. प्रवरेच्या घाटावर मांडव, सतरंज्या, महाराजांचं प्रवचन. आमच्याकडे दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं असतात. पहिलं भाषण माझं होतं. माईकवर बोललो होतो, बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले होते. आणि मी एकटा नव्हतो. अजिनाथ होता, काकासाहेब पहिल्या रांगेत होता, रविराज जावई म्हणून विधीला पुढे होता. बैठकीत बसलेला प्रत्येक माणूस त्या सकाळी घाटावर जेवून आला होता.

मी वर्गात नजर फिरवली. अजिनाथ चपलेचा अंगठा नीट करत होता. रविराज मोबाईल बघत होता. सगळ्यांना आठवलं होतं. सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

“मीटिंगला,” मी म्हणालो.

मुक्ताबाईंच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. हनुमंतमामा उठायला लागले, अश्विनीनं त्यांचा हात धरला. वही मिटली आणि माझ्याकडे दिली, दोन्ही हातांनी, पूर्वी तपासायला द्यायची तशी.

“बरं,” ती म्हणाली. “चल आई.”

टेम्पो गेला. काकासाहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा ओला ठसा बसल्यासारखं दिवसभर वाटत राहिलं.

घरी झुंबरबाईनं ताट वाढलं. माझी बायको कमी बोलते. बैठकीची बातमी माझ्याआधी तिच्यापर्यंत पोचली होती. भाकरी ताटात टाकून म्हणाली, “त्या दिवशी दहाव्याला तुमच्या शेजारी मी बसले हुते. मी पन मीटिंगलाच हुते का?”

चौतीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून फळ्यावर सुविचार लिहिला. एका पोराला खोटं बोलला म्हणून बाकावर उभं केलं होतं, ते पोर आठवलं. करण दारात उभा राहून ऐकत होता. तो आत निघून गेला. त्याची नोकरी मी वाचवली होती आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वही पिशवीत घातली आणि स्कूटर काढली. डोक्यात एक युक्ती आली होती. त्या युक्तीच्या आनंदात वाटेत मी जरा सावरलोही होतो, हे आज आठवलं की मान खाली जाते.

अश्विनी माहेरच्या कांदाचाळीपाशी बसून कांदे निवडत होती. फुटके एकीकडे, चांगले एकीकडे. मला बघून तिनं गोणपाट पुढे सरकवलं. मुक्ताबाई आत निघून गेल्या. पाणीसुद्धा आलं नाही. बरोबरच होतं.

“अश्विनी,” मी वही उघडली, “हे बघ. अजून एक पान कोरं आहे. खाली सगळ्या सह्या आहेत. काकासाहेबाची, रविराजची, सगळ्यांची. तू सांग काय लिहायचं. राजीनामा रद्द, तू कायम विश्वस्त, शाळा तुझ्या ताब्यात. राजीनाम्याच्या नंतरची तारीख घालतो. त्यांची तोंडं बंद होतील.”

तिनं हातातला कांदा खाली ठेवला. पान बघितलं, मग मला बघितलं. कालच्यापेक्षा ती आज जास्त दुखावलेली दिसली.

“गुरुजी, तुम्ही परत तेच करताय.”

“तुझ्या भल्यासाठी.”

“काल कुणाच्या भल्यासाठी केलं हुतं?” तिच्या बोलण्यात एकदम माहेरची भाषा आली. “मला शाळा पाहिजे. पन अशी न्हाई. उद्या पोरांपुढं कशी उभी राहू मी?”

तिनं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि त्या कोऱ्या पानावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. मग उलटी दुसरी. सात सह्यांवरून फुली गेली. माझ्या युक्तीचं पाच मिनिटांत वाटोळं झालं आणि मला जागेवर रडू आलं. सत्तरीतला माणूस कांद्याच्या ढिगाशेजारी बसून रडत होता. निदान डोळे पुसायला कारण तरी होतं.

ती आत गेली. मला वाटलं, आता येणार नाही. पण कोरे ताव घेऊन आली.

“तुम्ही लिहिलेल्या राजीनाम्याच्या पानावर मी धर्मादाय कार्यालयात हरकत घेणार हाय. वकील म्हणाले, सही माझीच हाय म्हटल्यावर अवघड हाय, सचिवानं स्वतः सांगितलं तरच. लिहून देता? आधी तुमच्या अक्षरात. मग श्रीरामपूरला जाऊन रीतसर प्रतिज्ञापत्र करू.”

“करणची नोकरी जाईल,” मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

“जाईल,” ती म्हणाली. “सकाळी तो आलता इथं. म्हणाला, वडलांनी लिहून दिलं तर मी दुसरीकडं बघीन.”

माझ्या पोरानं मला घरात तोंड दाखवलं नव्हतं, इथं येऊन माझी वाट मोकळी करून गेला होता. मी पेन घेतलं.

“सांग,” म्हटलं. “मला सुचत नाही.”

ती उकिडवी बसली आणि शुद्धलेखन सांगतात तसं सावकाश सांगू लागली. एकेक वाक्य, मध्ये थांबून. मी लिहीत गेलो. सभा झाली नव्हती. राजीनामा दिलेला नव्हता. सह्या आधीच्या, मजकूर नंतरचा. एका ठिकाणी मी ‘चुकून नोंद केली’ असं लिहिलं. ती वाकून वाचत होती.

“चुकून?”

मी ‘चुकून’ खोडलं. वर ‘जाणूनबुजून’ लिहिलं. माझं अक्षर इतकं वाईट मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“आता तेवीस तारखेचं,” ती म्हणाली. “ते तुम्हीच लिहा. कुठं हुता, काय करत हुता.”

मी लिहिलं, ‘त्या दिवशी सकाळी मी प्रवरेच्या घाटावर कै. छगन वाघचौरे यांच्या दशक्रियेला उपस्थित होतो व तेथे श्रद्धांजलीपर बोललो.’ पूर्णविराम दिला आणि पेन खाली ठेवू लागलो.

“काय बोललात?”

“ते कशाला लागतंय कार्यालयाला?”

“कार्यालयाला न्हाई लागत,” अश्विनी म्हणाली. “मला लागतंय.”

त्या सकाळी घाटावर, माईक हातात धरून, तीनशे माणसांसमोर आणि तिच्यासमोर मी जे बोललो होतो ते मला शब्दन् शब्द पाठ होतं. मी ताव पुन्हा मांडीवर घेतला आणि त्या वाकड्यातिकड्या अक्षरात खाली लिहिलं, ‘मी म्हणालो, छगनराव, निर्धास्त जा. तुमच्या पोरीला बाप आहे, मी आहे.’

खाली सही केली. सहीच्या वर जागा ठेवली नाही.