हो म्हणण्याइतकी जागा

रंजिताच्या नोकरीबद्दल आंधळगावात दोन मतं होती. एक म्हणजे ती घरबसल्या फुकटचा पगार घेते, आणि दुसरं म्हणजे असं काही काम नसतंच. ती दोन्हींना हसायची. खरं काम समजावत बसलं असतं तर तिसरं मत तयार झालं असतं.

जुनी सॉफ्टवेअरं जगवायची, हे तिचं काम. शहाणी माणसं नव्या आवृत्तीत चुका दुरुस्त करून मोकळी होतात, पण ज्यांची यंत्रं जुन्या आवृत्तीवरच चालतात त्यांना ती दुरुस्ती चालत नाही. मग रंजिता ती दुरुस्ती उचलायची, जुन्या आवृत्तीला न कळणारे शब्द काढून तिला कळणारे घालायची आणि मागे नेऊन बसवायची. नियम एकच होता. दुरुस्ती तेवढी न्यायची, बाकी कशालाही बोट लावायचं नाही.

घरात हे पहिल्यांदा कळलं ते तिच्या सासऱ्यांना, मोतीलालना. ते कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी विणत. एक ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला की ते त्याची टोकं मागाच्या फणीतून काढत नसत. राखेत बोटं बुडवून नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पिळून जोडत. "तू बी सांधणीच करतं म्हण ना," ते म्हणाले होते. "फक्त तुह्या बोटाले राख नाही लागत." त्या दिवसापासून रंजिताला आपली नोकरी जरा जास्त आवडू लागली.

आता मोतीलालना समोरचं दिसत नव्हतं. नजरेच्या मधोमध धुकं बसलं होतं आणि कडेकडेचं तेवढं उरलं होतं. तरी माग चालू होता, तो त्या डबड्यामुळे. चंदननं, म्हणजे रंजिताच्या नवऱ्यानं, कॉलेजात असताना ते बनवलं होतं. एक चिमुकला संगणक, एक स्पीकर आणि मागाच्या पायाखालच्या पावडीला जोडलेली तार. पावडी दाबली की काठाच्या कोणत्या दोऱ्या ओढायच्या ते डबडं सांगायचं, आणि सांगायचं रंजिताच्या सासूबाईंच्या, शोभाताईंच्या आवाजात. त्या आधी शेजारी बसून स्वतःच हाका द्यायच्या. दिवसभर बसवेना, म्हणून चंदननं त्यांचा आवाज भरून घेतला.

पुढे शोभाताईंना झटका आला आणि बोलणं गेलं. त्या अजूनही मागाच्या उजव्या बाजूला धागा गुंडाळलेल्या कांड्यांची टोपली घेऊन बसत. थंडीतल्या दुपारी छपराच्या कवेलूंच्या फटीतून ऊन उतरायचं, कोशाचा मधाळ रंग खोलीभर पसरायचा आणि डबड्यातून शोभाताई म्हणायच्या, "लाल घे." टोपलीपाशी बसलेल्या शोभाताई मान कलती करून ऐकायच्या. रंजिता लॅपटॉप मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसायची. तिला कितीदा वाटायचं, आपण जागे आहोत की हे घरच झोपेत बोलतंय?

पण हल्ली डबडं दुपारपर्यंत मुकं व्हायला लागलं. प्रत्येक हाकेला ते आवाजाची फाईल उघडायचं आणि मिटायला विसरायचं. उघड्या फाईलींनी त्याचा जीव गुदमरायचा. चंदन म्हणाला, "नवीन आणू ना, बाबा." मोतीलालनी हात झटकला. "हे चाललं तं चाललं. नाही तं ह्या साडीवर माग सोडतो मी." ते सहज म्हणाले, आणि म्हणूनच रंजिताला ते खरं वाटलं. माग थांबला तर या घरात शोभाताईंचा आवाज पुन्हा उमटायचा नव्हता.

चंदन जवाहरनगरच्या बसनं कामावर गेला आणि ती कामाला लागली. आवाज वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत ही चूक कुणीतरी कधीच निस्तरली होती. तिनं ती दुरुस्ती उचलली आणि जुन्या भाषेत मांडली. छान बसली. मग तिला चंदनच्या कॉलेजातल्या कोडमध्ये एक गंमत दिसली. दोन हाकांच्या मधे त्यानं उगाच थांबा घातला होता. डबडं तेव्हा हळू असेल म्हणून असावा, असं तिनं ठरवून टाकलं. ऑफिसात असं केलं असतं तर कान उपटले गेले असते, पण हे तर घरचंच! तिनं तो थांबा पुसला.

मोतीलाल मागावर बसले. पावडी दाबली.

"लाल घे दोन सोड."

त्यांचा हात चुकला. पुन्हा दाबली, पुन्हा चुकला. "आज तुही सासू घाईत हाय," ते हसत म्हणाले. थोड्या वेळानं हसू गेलं. काठाची करवत, म्हणजे दातेरी नक्षी, वेडीवाकडी झाली होती, ती बोटांनी चाचपत ते म्हणाले, "नाही जमून राहिलं, माय. झालं माहं."

"मामाजी, थांबा ना जरा," रंजिता म्हणाली.

पावडी पुन्हा दबली. "लाल घे" म्हणताच शोभाताईंनी आपला चांगला हात वर केला. पंजा उघडा, थांब म्हणतात तसा. डबडं पुढचं बोलून मोकळं झालं. हात मात्र खाली येईना. त्या मोतीलालकडे बघत होत्या.

"हो," मोतीलाल सवयीनं पुटपुटले. तेव्हा हात खाली आला.

रंजिताला एकदम सगळं ऐकू आलं. रोज दुपारी ऐकत होती, तेच. लाल घे. हो. दोन सोड. हो. शोभाताई कधीच मोतीलालच्या होकाराशिवाय पुढची हाक देत नव्हत्या, आणि आवाज भरताना चंदननं ती सवयही भरून घेतली होती. आपण काय पुसलं हे कळून तिला स्वतःचा भयंकर राग आला. तिनं लॅपटॉप ओढला. दुरुस्ती ठेवली, थांबा होता तिथे परत घातला आणि बाकी काही पाहिलंसुद्धा नाही.

"लाल घे."

"हो."

"दोन सोड."

"हो."

हात्या ठोकला गेला, आडवा धागा बसला. ऊन भिंतीवर चढत गेलं, संध्याकाळचा धानाच्या पेंढीचा वास आत आला, तरी डबडं बोलतच होतं. बिघडलेला काठ उसवून मोतीलाल पुन्हा करवतीवर आले होते. रंजिताचे डोळे मिटत होते.

मग मोतीलालना काय लहर आली कोण जाणे. "लाल घे" झालं आणि त्यांनी हो म्हटलंच नाही. डबड्यानं आपला ठरलेला वेळ वाट पाहिली आणि ते "दोन सोड" म्हणून गेलं. यंत्रच ते, किती थांबणार?

शोभाताईंचा हात वर होता. तो तसाच राहिला. थरथरायला लागला तरी राहिला.

मोतीलाल समोर बघत होते. समोरचं त्यांना दिसत नव्हतंच. शोभाताई कडेला होत्या.

"अवो, म्हणतो ना हो," ते म्हणाले. "हात दुखन तुहा."