काकू बसल्या नव्हत्या

आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला बसवतात. मांडी घालून, भिंतीला टेकवून, डाव्या हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन. नेतात तेही बसवूनच आणि मातीत ठेवतात तेही बसवूनच. म्हणून देवणीच्या आमच्या दफनभूमीत, रुद्रभूमीत, नीलाकाकूंची समाधी उघडली तेव्हा खणणाऱ्यांचे हात थांबले. काकू आडव्या होत्या. खड्डा बसवण्याच्या मापाचा, त्यामुळे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरप्या. पाय सरळ.

रस्ता रुंद होणार होता आणि कडेच्या समाध्या हलवायच्या होत्या. गुरुपादप्पा काकांनी बायकोच्या अस्थी आपल्या शेतात नेऊन तिथे पुन्हा समाधी द्यायचं ठरवलं होतं. मी त्यांच्या चुलतभावाची मुलगी. नांदेडला न्यायवैद्यक शास्त्रात एम.एस्सी. केलं. आता जुन्या, कुठे नोंद न झालेल्या विहिरीतल्या मृत्यूंवर काम करते. बाई पाण्याला गेली, पाय घसरला, पोलिसांना न कळवता त्याच दिवशी माती दिली, अशी हकिकत गावोगाव मिळते आणि सगळीकडे जवळपास याच शब्दांत मिळते.

मला रुद्राक्कानं बोलावलं होतं. रुद्राणी, काकांची एकुलती मुलगी, लातूरला शाळेत शिकवते. आई गेली तेव्हा ती पहिलीत होती. देगलूरच्या तिच्या आजीनं, म्हणजे काकूंच्या आईनं, मरायच्या आधी तिला सांगितलं की तुझी आई घसरून पडलेली नाही. त्यापुढे काही सांगितलं नाही.

"तू नुसती बघ," रुद्राक्का फोनवर म्हणाली होती. "हाडांवरून काही कळलं तर मला सांग. आई कशी गेली एवढंच मला हवंय. पण अप्पांना याचा वास लागू देऊ नको. तुला अप्पा माहीत नाहीत."

हाडांवरून फारसं कळलं नाही. कवटी शाबूत होती, गळा दाबला तर मोडतं ते गळ्याचं बारीक हाड सापडलं नाही, आणि बुडून मेलं की आधीच मेलं होतं हे इतक्या वर्षांनी नुसत्या हाडांवरून मला तरी सांगता आलं नसतं. मी मानेनंच रुद्राक्काला नाही म्हटलं.

तेवढ्यात विधीला आलेले स्वामी खड्ड्यात वाकून म्हणाले, "काय हो गुरुपादप्पा, बायकोला झोपायला धाडलं व्हतं का?"

खणणारे दोघे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी अस्थी पांढऱ्या कापडात बांधल्या आणि गाडीत मागच्या सीटवर, रुद्राक्काच्या शेजारी ठेवल्या. मी पुढे बसले. स्वामी आणि ते दोघे मोटारसायकलींवरून मागून शेतात येणार होते.

"माती देताना ह्याच्याच बापानं केलं समदं," गाडी सुरू होताच काका म्हणाले. "आता हा मला शिकवायलाय."

आम्ही कुणी काही विचारलं नव्हतं.

"आम्ही काय कमी केलं का? बसंनाच ती. वर काढली तवाच लाकडावानी झाली व्हती. चौघांनी गुडघे दाबले, वाकंनात. मग काय करावं माणसानं, पाय मोडावं?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. काकू सकाळी शेतातल्या विहिरीवर पाण्याला गेल्या, घसरल्या आणि तासाभरात त्यांना वर काढलं, ही हकिकत घरात सगळ्यांना पाठ आहे. समाधी उघडायला निघण्याआधी चहा पिताना काकांनीच ती मला पुन्हा ऐकवली होती. काकू गेल्या ते दिवस संक्रांतीच्या आधीचे, थंडीचे. मेलेलं शरीर गुडघे वाकू नयेत इतकं ताठ व्हायला कित्येक तास जावे लागतात, थंड पाण्यात तर आणखी. याला अपवाद असतात. ते मी एकेक आठवले, आणि एकही बसेना. काकू त्या सकाळी पाण्याला गेल्याच नव्हत्या. आदल्या रात्रीच त्या मेलेल्या होत्या. हे मला हाडांनी सांगितलं नव्हतं. बायकोला नीट बसवलं नाही हा ठपका पुसता पुसता काकांनी स्वतःच सांगितलं होतं.

रुद्राक्कानं आत्ता काही विचारू नये, एवढंच मला वाटत होतं.

"वर्षा," ती मागून म्हणाली, "माणूस मेल्यावर किती वेळानं ताठतं गं?"

आवाज अगदी साधा, वर्गात फळ्यावरचा प्रश्न विचारावा तसा.

"तसं ठरलेलं नसतं," मी म्हणाले. "पाण्यात लवकर होतं. थंडीत तर लगेच."

इतकं चुकीचं विधान मी परीक्षेतसुद्धा कधी केलं नव्हतं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तू कशाचा अभ्यास करायलीस?"

"सायन्सचा, काका."

"सायन्स आजकाल समदेच करतेत. कशाचं सायन्स?"

"लॅबचं. रक्त वगैरे तपासायचं."

"जित्याचं का मेलेल्याचं?"

मला खोटं सुचलं नाही. "दोन्हीचं," मी म्हणाले.

त्यांनी सावकाश मान हलवली. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी वेग कमी केला आणि एका हातानं फोन लावला. "स्वामी, आज नका येऊ. न्हाई, पोरींना बरं वाटंना. उद्या बघू. त्या दोघांनाबी माघारी धाडा."

फोन खिशात गेला आणि गाडी शेताच्या कच्च्या रस्त्याला वळली.

"अप्पा, समाधी उद्या द्यायची तर आज शेतात कशाला?" रुद्राक्कानं विचारलं.

"आलाव तर विहीर बघून जावा. वर्षानं कुठं बघितलीया. अभ्यासाला कामी येईल तिच्या."

दोन्ही बाजूंना तूर उभी होती, गाडीच्या टपाला टेकेल एवढी. माणूस दिसत नव्हतं. मी मांडीआड फोन धरून बाबांना लिहिलं, 'काकांच्या शेतात आहे'. माझ्या सिमला तिथे रेंज नव्हती, संदेश गेला नाही. तोंड का कोरडं पडतं, ठोके का वाढतात, हे सगळं मी शिकले आहे. कारण माहीत असल्यानं त्यातलं काहीही कमी होत नव्हतं. दाराची मूठ कुठे आहे ते मी न बघता बोटांनी चाचपलं.

काका शांतपणे विहिरीबद्दल बोलत होते. पाणी बारा महिने असतं, पायऱ्या आता ढासळल्यात, तिकडं कुणी फिरकत नाही. बोलताना ते आरशातून मागे बघत होते. रुद्राक्काकडे की त्या कापडाच्या गाठोड्याकडे, ते मला कळलं नाही.

पुढे वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या लावलेल्या होत्या, गुरं आत शिरू नयेत म्हणून. काकांनी इंजिन चालूच ठेवलं आणि ते उतरले. पाठमोरे वाकून ते एकेक फांदी ओढू लागले.

माझ्या खांद्याला धक्का बसला. रुद्राक्का दोन सीटांमधल्या जागेतून पुढे येत होती. तिची ओढणी कशात तरी अडकली, तिनं हिसडा देऊन फाडली आणि काकांच्या जागेवर बसली. तिला गाडी येते हे मला माहीत नव्हतं. काकांनाही नसावं. गाडी जोरात मागे निघाली, तुरीच्या फांद्या काचांवर सपासप बसू लागल्या. काका वळले. हातात फांदी तशीच. ते ओरडले नाहीत, धावले नाहीत. तोंडानं फक्त "रुद्रा" म्हणाले, तेही मला ओठांवरूनच कळलं.

कदाचित त्यांना खरंच नुसती विहीर दाखवायची असेल. मी हे नाकारू शकत नाही. पण त्या क्षणी कुणी मला पैज लावायला सांगितली असती तर मी त्या बाजूनं लावली नसती.

डांबरी रस्त्याला लागल्यावर रुद्राक्कानं गाडी देवणीकडे वळवली नाही. उलट, लातूरच्या दिशेला घेतली.

"आता खरं सांग," ती मग म्हणाली.

"सहा-आठ तास तरी लागतात. थंड पाण्यात जास्तच. म्हणजे आदल्या रात्री."

तिनं मान हलवली. "त्या सकाळी माझी वेणी अप्पांनी घातली होती. आई पाण्याला गेलीय म्हणाले. मला इतका आनंद झाला होता गं. शाळेत मी सगळ्यांना सांगत सुटले, आज अप्पांनी वेणी घातली."

मागच्या सीटवर वळणावळणाला हाडं एकमेकांवर वाजत होती. मी मागे हात टाकून गाठोडं धरून ठेवलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर 'अप्पा'.

"घे," ती म्हणाली. "स्पीकरवर टाक."

"नको ना, अक्का."

"घे म्हणते ना."

मी फोन स्पीकरवर टाकला. मग काकांचा आवाज आला, रोज जेवायला बोलावताना यावा तसा.

"कुठवर गेलाव, पोरींनो?"

रुद्राक्कानं आरशात मागचा रस्ता बघितला. रस्ता रिकामा होता.

"पोलीस स्टेशनच्या दारात आहोत, अप्पा," ती म्हणाली.

ते अजून फार लांब होतं. तिनं गाडीचा वेग वाढवला.