बोल्ट

कुकर उघडून बघितला आणि माझं डोकंच फिरलं.

वीस वर्षं कुकर दुरुस्त करतेय मी. बाबांच्या मागे दुकान चालवतेय. काय काय आणतात लोक! जळके, पोचे पडलेले, हँडल सुतळीने बांधलेले. पण हा कुकर परक्याचा नव्हता. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या घरचा होता, आणि तो स्वतः काउंटरवर कोपर टेकून उभा होता. शेजारी भावजय, कडेवर वर्षाची पोर.

"शिट्टीच होत नाही, ताई," भाऊ म्हणाला. "कडेने वाफ जाते. रिंग बदलून दे. हिला धड झाकणसुद्धा लावता येत नाही."

भावजय खाली बघत राहिली. मी झाकण उजेडाकडे धरलं. शिट्टी बसते त्या नळीतून पलीकडचा उजेड दिसायला हवा. काही दिसेना. आत वाटाण्याचं साल अडकून वाळून बसलं होतं. ते एक वेळ समजू शकते मी. घाईत राहतं बघायचं. कुकर गळ्यापर्यंत भरला, की होतंच असं.

पण सेफ्टी व्हॉल्व्ह? नळी तुंबली की जीव वाचवायला तेवढा एकच असतो. त्याच्या जागी चक्क लोखंडी बोल्ट होता, मागून नट लावून करकचून आवळलेला.

"हा उद्योग कुणाचा?"

"माझा," तो हसत म्हणाला. कारखान्यात फिटर आहे ना! "तीन महिन्यांत तीन व्हॉल्व्ह उडाले. म्हटलं, कटकटच नको. आता बघ, हालतो का."

"अरे गाढवा!" मी ओरडले. रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला. बघू दे. "तो उडत होता म्हणून तुझी बायको जिवंत आहे! उडाला म्हणजे नळी तुंबली, एवढं कळत नाही? नळी बंद, व्हॉल्व्ह बंद. वाफेला वाट राहिली ती या फाटक्या रिंगची. आणि तू मला नवी रिंग घालायला सांगतोस?"

"उगाच आकांडतांडव करू नकोस, ताई. बोटभर जाड बोल्ट आहे. काही होत नाही. मी फिटर आहे, मला शिकवू नकोस."

त्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. लहानपणापासून असाच आहे, स्वतःचंच खरं करणारा. मी भावजयीला पोरीसकट दाराबाहेर उभं केलं. कुकरात तांब्याभर पाणी ओतलं, नवी रिंग घातली, झाकण लावलं आणि दुकानातल्या शेगडीवर ठेवला. गॅसचा कॉक मी खालून बंदच ठेवला होता. ते त्याला दिसत नव्हतं.

"काही होत नाही ना? मग ये. इथे उभा राहा, ती रोज उभी असते तिथे. मी पेटवते."

मी लायटर उचलला. एकदा वाजवला.

माझा भाऊ दोन पावलं मागे सरला. आणखी एकदा वाजवला, तर पार दाराशी पोचला.

"पेटवू नकोस!" तो ओरडला. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

मी लायटर खाली ठेवला. अजून चार शब्द सुनावणार होते, पण भावजय दारातून आत आली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती त्याला म्हणाली.

"अगं, तसं नाही..."

"रोज मी कुकर लावला, की तुम्ही गॅलरीत जाऊन उभे राहता. दार ओढून घेता. मला वाटायचं, शिट्टीचा त्रास होत असेल." तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "ही आत माझ्यापाशी असते."