माफीसाठी एस्टीनं

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा गंगाखेडकडच्या एका गावात माणिकरावांनी दलित वस्तीतल्या केवळाबाईचं घर पेटवलं. विद्यापीठ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण गावातली भली माणसं निघालेली असताना आपणच मागं राहिलो असं नको, म्हणून धाकट्या भावाला, भुजंगला, घेऊन तेही निघाले. घराबरोबर वर्षाची ज्वारी जळाली, खुंट्याची शेळी जळाली. केवळाबाईचा नवरा नागनाथ परभणीला मोंढ्यात हमालीला गेला, तो तिकडंच वारला. केवळाबाई तेवढी माघारी आली. कोर्टात कोणालाच काही दिसलेलं नव्हतं. सगळे सुटले आणि माणिकराव पंधरा वर्षं निवांत झोपले.

त्र्याण्णवच्या दसऱ्याला त्यांचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टरनं रक्तदाब सांगितला आणि मीठ बंद केलं. माणिकरावांना मीठ सोडण्यापेक्षा पाप धुणं सोपं वाटलं. काडी याच हातानं ओढली होती, हे त्यांना आत्ता आठवलं. लगोलग सत्यनारायण घातला, पाच ब्राह्मण जेवू घातले. ब्राह्मण तृप्त झाले, हात हलला नाही.

त्यांची बायको नर्मदाबाई म्हणाली, पाथरीला एक म्हातारे मौलवी आहेत, त्यांच्या ताइताचा लय गुण येतो. आपल्याकडं दुखणं आलं की माणूस धर्म बघत नाही. धर्म बघायचा तो तब्येत चांगली असताना. माणिकराव एस्टीनं पाथरीला गेले.

मौलवींनी ताईत काढायच्या आधी काय झालं ते विचारलं. माणिकरावांनी आग लागली, एका बाईचं घर जळालं, असं सांगितलं. जणू आग पाहुणी म्हणून आली होती. मौलवींनी सगळं ओळखलं. म्हणाले, तोबा करा. आमच्यात मधी कुणी वकील नाही, एकाचं ओझं दुसरा उचलत नाही. ज्याचं त्यानं रडून मागायचं. अल्लाहचा दरवाजा मरेपर्यंत उघडा असतो.

हे माणिकरावांना पटलं. रडायला त्यांची ना नव्हती.

"पर पाटील," मौलवी म्हणाले, "अल्लाहचा गुन्हा अल्लाह माफ करतो. बंद्याचा हक मारला असला, तर त्या बंद्याकडूनच माफी घ्यावी लागती. आधी त्या बाईकडं जावा."

"आन् तिनं न्हाई केलं माफ तर?"

"मग कयामतीला तुमची नेकी तिला देतील. नेकी पुरली न्हाई, तर तिचे गुन्हे तुमच्या डोक्यावर."

माणिकरावांनी आपली नेकी मनातल्या मनात चाचपून पाहिली आणि ताईत न घेताच उठले.

एस्टीत शेजारच्या माणसानं सांगितलं, की परभणीला एक पास्टर आहेत, शिमोन भालेराव, आणि त्यांच्यात पाप येशूनं आधीच अंगावर घेतलंय. माणिकराव दुसऱ्याच आठवड्यात परभणीत हजर. पास्टरांनी चहा दिला. भालेराव आडनाव आठवून माणिकरावांनी कपाकडं थोडा वेळ पाहिलं. मग पापाच्या मानानं कप लहानच, असं ठरवून प्याले.

त्या बाईच्या घराची हकिगत ऐकून पास्टर म्हणाले, माणूस जन्मतःच पापी आहे, स्वतःच्या पुण्याईनं कुणी सुटत नाही. आपली शिक्षा दुसऱ्यानं क्रुसावर भोगली. माफी ही दया आहे, ती कमवायची नसते, विश्वासानं घ्यायची असते.

माणिकरावांना हा धर्म फारच आवडला. आपलं काम दुसऱ्यानं करायचं, ही तर त्यांच्या घरची पिढ्यांची रीत. मौलवींचा देव फार बारकाईनं बघणारा. हा कसा मोठ्या मनाचा. म्हणजे मला आता काही करायला नको ना, असं त्यांनी विचारलं.

पास्टरांनी बायबल उघडून वाचून दाखवलं, की वेदीवर दान आणलं आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं तिथं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर.

"दया फुकट असते, माणिकराव," ते शांतपणे म्हणाले. "पण पश्चात्तापाचं सोंग घेऊन आलेल्याच्या ती हाती लागत नाही. त्या बाईकडं जाऊन आलात का?"

दोन धर्म, दोन एस्ट्या, आणि दोघांनी मिळून त्यांना धाडलं कुठं, तर त्यांच्याच गावात, केवळाबाईच्या दारात.

गेले एकदाचे. केवळाबाई तूर पाखडत होती. झालं गेलं विसर, माफ केलं म्हण, असं ते उभ्याउभ्याच म्हणाले. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"काय झालतं ते तर सांगा आदी."

"आग लागलती."

"लागलती का लावलती?"

ती पुन्हा पाखडायला लागली. मग माणिकराव म्हणाले, "लावलती. मी लावली." पंधरा वर्षांत हे शब्द त्यांनी स्वतःसुद्धा ऐकले नव्हते. कुणी बस न म्हणताच ते खाली बसले. मौलवी काय म्हणाले, पास्टर काय म्हणाले, सगळं त्यांनी तिला सांगितलं.

"तुमी माफी मागावी म्हन्ले ना त्ये दोघं? बरुबर हाय," ती म्हणाली. "पर द्यायची का न्हाई, त्ये माझं मी बघन. आमी बौद्ध. आमच्यात माझ्या माघारी माफ करनारा देव न्हाई. आत्ता मला एकटीला सांगितलं, तसं गावाला सांगा."

चौदा जानेवारीला विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी आली. वस्तीत निळे झेंडे लागले, पेढे वाटले. त्या गर्दीत माणिकराव गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की केवळाबाईचं घर मी जाळलं, नागनाथ माझ्यामुळं देशोधडीला लागला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. केवळाबाई म्हणाली, "ऐकलं." माफ केलं म्हणाली नाही, आजतागायत म्हणालेली नाही.

गावानं मात्र लगेच निकाल दिला. आग गावानं कधीच पोटात घातली होती. कबुली काही घातली नाही. पारावर माणिकराव आले की बसलेले उठून जायचे आणि जागा व्हायची, तीही पाच-सहा माणसांची. हात थोडा हलायला लागला होता, पण तो बिनमिठाच्या भाकरीनं, असं डॉक्टरचं म्हणणं. झोप मात्र गेली. माणिकराव त्याला गुणच समजत.

शिमग्याच्या सुमाराला भुजंग गुपचूप आला. त्याच्याही छातीत दुखायला लागलं होतं.

"दादा, दोघांत सोपा कोन हाय?"

माणिकरावांनी त्याला दोन्हीकडचं सगळं सांगितलं, केवळाबाईसकट. भुजंगनं नीट ऐकून घेतलं आणि तिरुपतीचं तिकीट काढलं. डोकं भादरून आला, तेव्हा गावानं वाजतगाजत त्याला वेशीतून आत घेतलं आणि घरोघर लाडू वाटले. वस्ती सोडून.