विचार गं त्यांना

आमचे बाबा इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचे, घरीच, पुढच्या खोलीत. कुणी विचारलेला प्रश्न लिहून सांगायचा कसा, हा त्यांचा लाडका धडा. 'व्हेअर इज द की' असं नाही लिहायचं. 'शी आस्क्ड व्हेअर द की वॉज'. आधी कर्ता, मग क्रियापद, काळ एक पायरी मागे आणि शेवटी मुकाट्याने पूर्णविराम. माझ्या वहीत चुकून प्रश्नचिन्ह राहिलं की लाल पेनाने खोडायचे. म्हणायचे, "प्रश्न तू विचारत नाहीयेस. तू फक्त पोचवतेयस."

पोचवण्यात माझा हात कोण धरणार? त्या घरात दुसरं केलं काय मी? आईबाबांचा अबोला मी शाळेत जायच्या आधीपासूनचा. कशावरून, ते आता दोघांनाही धड सांगता यायचं नाही. आणि मी एकुलती एक. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "विचार गं त्यांना, जेवायला वाढू का." बाबांना भिंतीपलीकडून लख्ख ऐकू जायचं, तरी मी जाऊन सांगेपर्यंत मान वर करायचे नाहीत. त्या धड्यात मला पैकीच्या पैकी मिळायचे, यात नवल ते काय.

नोकरी लागली तशी दुसऱ्या गावी पळाले. वाटलं, सुटले एकदाची. कसली सुटतेय. आता दोघं एकाच घरातून मला फोन करतात.

परवा माझं ऑपरेशन झालं, पोटातली गाठ काढली. दोघांनाही कळवलं होतं. शुद्धीवर आल्यापासून फोन उशाशी घेऊन पडले होते. संध्याकाळी आईचा आला.

"विचार गं त्यांना, गीझर बंद केला का."

"आई, मी हॉस्पिटलमध्ये आहे."

"माहितीये. म्हणून तर थोडक्यात विचारतेय."

असा संताप आला. टाके ओढत होते, धड रडायचीही सोय नव्हती. बाबांना फोन लावला, पण गीझरचं नाव काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पदरचा प्रश्न पुढे केला.

म्हटलं, "बाबा, आई विचारतेय, मी बरी आहे का."

मला वाटलं, आता तरी विचारतील.

"मग सांग ना तिला," ते म्हणाले. "आणि गीझर मघाशीच बंद केलाय म्हणावं."